आकाशवाणी, पुणे
पुणे शहरातील आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील नभोवाणी केंद्र. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या या केंद्राचे प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ३७९ मीटर तरंगलांबीवर, होत आले असून त्यात ध्वनीनुसार वाहक लहरीचा परमप्रसर बदलत असल्याने विजेच्या कडकडाटाची खरखरही संचात उमटते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, येथून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ५६ गीते आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोडा अधिक काळ प्रसारित झाली, आणि मराठी नभोवाणीच्या इतिहासात या उपक्रमाच्या तोडीचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ग्रामीण कार्यक्रमांची धुरा व्यंकटेश माडगूळकर यांनी दीर्घकाळ वाहिली.