मृदसंधारण आणि लोकशिक्षण : दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील वाटचाल

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत येणाऱ्या पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि बीड या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा मोजक्या जोरदार सरींतूनच पडत असल्यामुळे डोंगरउतारावरची हलकी मुरमाड माती त्याच्याबरोबर ओघळीत आणि ओघळीतून नाल्यात वाहून जाते. ही धूप रोखणे म्हणजे मृदसंधारण आणि वाहते पाणी जागच्या जागी जमिनीत मुरवणे म्हणजे जलसंधारण. ज्या बांधाशी माती अडते त्याच बांधाशी पाणीही थबकते, म्हणून ही दोन कामे मुळात एकच आहेत. पाणी कोणत्या अंगाने उतरते, बांध कोठे धरला तर टिकेल आणि तो टिकवण्यासाठी वरच्या माळावरची चराई का थांबवावी लागते, हे ज्याच्या शेतात बांध पडणार त्याला उमगलेले असणे हा या कामाचा तितकाच आवश्यक भाग होय. महाराष्ट्रातील मृदसंधारणाचा इतिहास पाहू गेल्यास माती हलवणारी यंत्रणा आणि माणसांना शिकवणारी यंत्रणा दीर्घ काळ एकमेकींपासून दूर राहिल्या, आणि त्या जेथे एकत्र आल्या तेथेच काम टिकले, असे दिसून येते.

या दोन गोष्टी एकत्र मांडणारा विचार महाराष्ट्रात फार जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरदऱ्यांतील पाणी शेतांत मुरून मग नदीनाल्यांना मिळेल अशा रीतीने ताली व बंधारे बांधावेत आणि त्यासाठी सरकारने आपल्याकडील सैनिक व पोलिसांचे श्रम वापरावेत, असे सुचवले आहे. तलावातील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, जंगल खात्याने ताब्यात घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत, पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून त्यांच्या खुणा गावाच्या नकाशावर कराव्यात, या सूचनाही तेथे आहेत, आणि त्यांच्याच जोडीला शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण देण्याचा आग्रह आहे. माती, पाणी, चारा आणि शाळा या सर्वांचा विचार एकाच चौकटीत करणारी ही मांडणी पुढील शंभर वर्षांतील बहुतेक सरकारी योजनांहून अधिक समग्र होती, आणि तिच्याकडे शेतीविषयक धोरणाचा दस्तऐवज म्हणून जितके पाहिले जायला हवे होते तितके पाहिले गेले नाही.

वसाहतकाळातील प्रशासनाने यातील शास्त्रीय बाजू तेवढी उचलली. १९३३ च्या सुमारास सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे, म्हणजे केवळ पावसाच्या ओलीवर पिकणाऱ्या शेतीचे, पद्धतशीर संशोधन सुरू झाले आणि ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, पेरणीतील अंतर आणि वारंवार कोळपणी यांचा एकत्रित परिणाम अभ्यासला. या प्रयोगांचे निष्कर्ष शेतापर्यंत पोहोचण्यास मात्र दुष्काळाचे निमित्त लागले. १९४२ साली मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला, आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात पडलेल्या दुष्काळात बांधबंदिस्ती हे मजुरी पुरवणारे मदतकार्य म्हणून हाती घेण्यात आले. कायद्याने योजना आखण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला, एखाद्या खातेदाराची नाखुशी असली तरी संपूर्ण क्षेत्रावर ती योजना राबवण्याची वाट मोकळी झाली आणि खर्चाचा भाग जमीनमालकाकडून वसूल करण्याची तरतूदही झाली.

या व्यवस्थेचे बलस्थान आणि तिची उणीव ही दोन्ही समपातळी बांधाच्या रचनेत स्पष्ट दिसतात. समपातळी बांध म्हणजे उतारावर सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घातलेला मातीचा बांध. त्याच्या वरच्या अंगाला पाणी सारखे पसरते आणि जादा पाणी सांडव्यातून खाली उतरते. तांत्रिक दृष्टीने ही रेषा बिनचूक असते, परंतु शेतांच्या हद्दी वाटण्यांनी ठरलेल्या असल्यामुळे अशी रेषा शेताला तिरकी छेदत जाते, औत वळवताना कोपरे पडीक राहतात, आणि एका भावाच्या शेतातील पाणी सांडव्यातून दुसऱ्या भावाच्या उभ्या पिकात जाते. शेतकऱ्याची स्वतःची रीत हद्दीवर बांध घालण्याची आणि तो वर्षावर्षाने थोडाथोडा उंचावण्याची होती, आणि सरकारी रेषा आखताना त्या रीतीची चौकशी क्वचितच केली गेली. खोल काळ्या जमिनीत तर अडचण आणखी वाढली, कारण उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी ही माती बांधाशी पाणी साचवून पीक कुजवते आणि भेगांतून बांधही फोडते. परिणामी पुष्कळ ठिकाणी सरकारी बांध नांगराखाली हळूहळू नाहीसे झाले, आणि शेतकऱ्याला मृदसंधारण कळत नाही असा शेरा त्यावर मारला गेला. हा शेरा अन्यायाचा होता. ज्याला आखणीच्या वेळी विचारलेच नाही त्याने ती जपली नाही, यात नवल काही नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने मातीकामाचे प्रमाण कैक पटींनी वाढवले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेने, ज्यांना अंगमेहनतीचे काम हवे त्यांना ते देण्याची जबाबदारी राज्याने स्वीकारली, आणि १९७७ साली संमत झालेला तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेने लाखो कुटुंबांना जगवले, हे तिचे ऋण कोणत्याही टीकेने कमी होत नाही. तरीही मजूर मिळतील तेथे काम आणि काम मिळेल तेथे पाझर तलाव, अशा क्रमाने कामे सुटी सुटी झाली, आणि माथ्यावर काहीच न करता पायथ्याला बांधलेले तलाव वरून येणाऱ्या मातीने भरू लागले. या अनुभवातून ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व, म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर चर व गवत, मग उतारावर बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावर बंधारे, हे रूढ झाले आणि पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावरचे सर्व पाणी एकाच नाल्यावाटे बाहेर पडते तो भूभाग, हे नियोजनाचे एकक ठरले.

याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे अभियंता असलेल्या विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. साठवलेल्या पाण्याची वाटणी जमिनीच्या मापाने न होता माणशी अर्धा एकर या हिशेबाने आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांपर्यंत होईल, भूमिहीनालाही वाटा मिळेल आणि उसाला पाणी दिले जाणार नाही, हे तिचे नियम होते. त्या नियमांवर गटाने बसून चर्चा करणे हेच तेथील शिक्षण होते, कारण पाणी मोजल्याशिवाय वाटता येत नाही आणि वाटल्याशिवाय भांडण मिटत नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री आकाराला आली, आणि १९९२ साली सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेने ती राज्यभर नेण्याचा प्रयत्न केला.

समन्वयाचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न मात्र इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात आढळतो. अहमदनगर येथे दीर्घ काळ काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने कल्पिलेला आणि नाबार्डमार्फत १९९०च्या दशकात राबवला गेलेला हा कार्यक्रम दोन टप्प्यांत विभागलेला होता, आणि त्यातील पहिला टप्पा क्षमता बांधणीचा, म्हणजे शिकण्याचा होता. गावाने प्रत्येक घरटी चार दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, चराईबंदी व वृक्षतोडबंदी ग्रामसभेत ठरवावी, लहानशा क्षेत्रावर काम करून पाहावे, आणि ते जमले तरच संपूर्ण पाणलोटाचा निधी मिळावा, अशी अट होती. या टप्प्यात गावकऱ्यांना साथ देण्यासाठी १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमाचे हृदय होते ‘नेट प्लॅनिंग’ नावाने ओळखले जाणारे गटनिहाय नियोजन. तंत्रज्ञ, पाणलोट समितीचा सदस्य आणि जमीनधारक पती-पत्नी असे सर्व जण प्रत्यक्ष गटात, म्हणजे सातबारावरील त्या क्रमांकाच्या तुकड्यात, उभे राहून मातीची खोली, उतार आणि धूप यांची नोंद करत, तेथे काय करावयाचे हे तेथेच ठरवत आणि मग सहमती लिहून घेत. समपातळी रेषा काढण्यासाठी ‘ए-फ्रेम’ पुरेशी होती. ती म्हणजे दोन काठ्यांचे वरचे टोक बांधून मध्ये आडवी काठी लावलेली आणि शेंड्यापासून दोरीने दगड लोंबवलेली चौकट. दोरी आडव्या काठीवरील मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या पातळीवर आहेत असे समजते. तेथे फक्की टाकायची आणि एक पाय जागीच ठेवून चौकट पुढे फिरवायची. पूर्वी दुर्बीण घेऊन आलेला सर्व्हेअरच जी रेषा जाणत असे, ती आता निरक्षर बाईलाही स्वतःच्या शेतात काढता येऊ लागली. बांध हद्दीकडे थोडा सरकवला तर किती बिघडेल, हा प्रश्नही येथे प्रथमच मोकळेपणाने विचारला गेला आणि त्याचे उत्तर पुष्कळदा शेतकऱ्याच्या बाजूने लागले.

शासनाच्या स्तरावर हा मेळ स्थिरावला नाही. १९९८ साली कृषी खात्याने विस्तारकार्य, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवण्याचे काम, आणि मृदसंधारण या वेगवेगळ्या शाखा ‘एक खिडकी’ पद्धतीने एकत्र आणल्या, तर २०१७ साली मृद व जलसंधारणासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्वतंत्र आयुक्तालयाची यंत्रणा उभी राहिली. शाळांचा प्रवाह आणखी निराळा वाहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिल्यानंतर तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला, आणि २०२० पासून महाराष्ट्रात नववीसाठी ‘जलसुरक्षा’ हे स्वतंत्र पुस्तकही आले. परंतु त्यातील धडा आणि गावच्या नाल्यावर चाललेले काम यांची वेळापत्रके जुळवण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्यावर नसल्याने ही भेट उत्साही शिक्षकांच्या हौसेवर सोडली गेली.

२०१६ साली सुरू झालेल्या पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून आरंभ करून गावांतील निवडक स्त्री-पुरुषांना आधी निवासी प्रशिक्षण आणि मग श्रमदान, हाच क्रम पुन्हा पाळला. त्यामुळे अल्पकाळात मोठे मातीकाम झाले, पण मुरलेले पाणी उपसायचे कसे, हा साळुंखे यांनी उपस्थित केलेला प्रश्न स्पर्धेच्या मुदतीत मावणारा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्याची शिस्त अहमदनगरजवळच्या हिवरे बाजार येथे दिसते. १९८९ साली सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांच्या काळात तेथे पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा रुळली. त्या वर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाण्याचा अंदाज बांधला जातो, माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचा वाटा आधी बाजूला काढला जातो, आणि शेतीसाठी काय उरते ते पाहून कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवले जाते; सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास आणि ऊस लावण्यास तेथे बंदी आहे.