एकच शाळा, चौथ्या वर्षापासून अठराव्यापर्यंत

आज आम्ही तुम्हाला लंडनमधल्या एका शाळेची गोष्ट सांगणार आहोत. पण आधी थोडं मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये १८७० साली कायदा झाला आणि जिथे शाळा कमी होत्या तिथे लोकांनी निवडलेल्या मंडळांनी त्या काढल्या. गरिबाचं पोर ज्या शाळेत शिरायचं, बहुधा तिथूनच थेट कामाला लागायचं. १९१८ च्या कायद्याने शाळा सोडायचं वय १४ ठरवलं. पुढची शाळा होती, पण फी भरणाऱ्यांची, नाहीतर शिष्यवृत्ती मिळालेल्या मोजक्यांची. शाळा एकच होती, पण ती मध्येच संपायची.

१९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली. मात्र अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होऊ लागली. थोडी मुलं ग्रामर शाळेत, बाकीची दुसरीकडे. एवढ्याशा वयात पुढची वाट ठरायची! १९६५ नंतर बहुतेक भागांत ही परीक्षा हळूहळू बंद झाली, पण अकराव्या वर्षी शाळा बदलणं राहिलं.

२०१२ साली पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात ‘स्कूल ट्वेंटीवन’ उघडली. त्याच वर्षी तिथे ऑलिम्पिक झालं. हा न्यूहॅमचा भाग, कष्टकऱ्यांचा, अनेक देशांतून आलेल्या लोकांचा. शाळेचा खर्च सरकार करतं, फी नाही. ४ वर्षांचं मूल इथे येतं आणि १८ व्या वर्षापर्यंत इथेच शिकू शकतं.

या शाळेने वाचन-लेखनाइतकंच महत्त्व बोलण्याला दिलं. मुलं गोल करून बसतात, एकमेकांचं ऐकतात. मोठी मुलं हातात कागद न घेता सगळ्यांसमोर भाषण करतात. आवाज, शब्द, विचार आणि दुसऱ्याचं ऐकणं, ही बोलण्याची चारही अंगं शिकवायची कशी, याचा आराखडा शाळेने केंब्रिज विद्यापीठाच्या मदतीने बसवला. कारण साधं आहे. नोकरीच्या मुलाखतीत, कचेरीत, सभेत ज्याला बोलता येतं त्याचं ऐकलं जातं. श्रीमंतांच्या शाळा हे आधीपासून शिकवत आल्या. गरिबाच्या मुलाला कोण शिकवणार?

आम्ही पहिल्यांदा माईकसमोर बसलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. सही करायला आपण गटात शिकलो. आता पुढच्या बैठकीत गोल करून बसा आणि जी कधीच बोलत नाही तिला आधी बोलू द्या.