बटण घरात, ट्रान्समीटर डोंगरावर

अँटेना जितकी उंच, तितका आवाज दूर जातो. म्हणून हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, आपले रिपीटर डोंगरावर बसवतात. पण ते चालू-बंद करायला दर वेळी डोंगर कोण चढणार?

अमेरिकेत १९६३ मध्ये बटणांचे टेलिफोन आले. बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजायचे. सत्तरच्या दशकात तिथल्या हॅमनी हेच सूर रेडिओवरून वर पाठवून रिपीटरला हुकूम सोडायला सुरुवात केली. सूर ओळखायला एनई५६७ नावाची चिप होती. एका चिपला एकच सूर कळायचा. बारा बटणांसाठी सात चिपा, आणि प्रत्येकीचा सूर हाताने जुळवायचा. थंडी-उन्हाने तो सरकला की पुन्हा डोंगर! तरी ती सात चिपांची पाटी मला आजच्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा देखणी वाटते. पुढे सगळे सूर एकाच चिपमध्ये मावले, तयार कंट्रोलरही मिळू लागले, आणि घरी बनवायचं की विकत आणायचं हा वाद सुरू झाला. तो अजून चालू आहे.

आता मधे इंटरनेट आहे. केनवूडच्या टीएस-४८० या रेडिओचं तोंड धडापासून सुटं होतं. स्वीडनच्या 'रिमोटरिग'च्या दोन डब्या घेतल्या की तोंड आपल्या टेबलावर आणि धड शेकडो किलोमीटर लांब. घरगुती वाट रास्पबेरी पाय आणि 'हॅमलिब' या मुक्त सॉफ्टवेअरची. त्याला दोनशेहून जास्त रेडिओंची भाषा येते.

फ्रीक्वेन्सी बदलायचा हुकूम मोजक्या बाइटांचा असतो, तो कसाही पोचतो. मोर्सचं तसं नाही. डिट-डा मागेपुढे पोचले तर अक्षरच बदलतं. तेवढ्यासाठी मी डबी विकत घेईन.

एक तुकडा मात्र मी घरीच बनवीन. नियंत्रणाचा दुवा बिघडला तर ट्रान्समीटर ३ मिनिटांहून जास्त चालू राहू नये, अशी सोय अमेरिकेचा नियम मागतो. नेट गेलं आणि ट्रान्समीटर चालूच राहिला, तर तो तापतो, सगळ्यांची फ्रीक्वेन्सी अडते, आणि जाब परवाना ज्याच्या नावावर त्याला द्यावा लागतो. त्यासाठी एक साधा टायमर आणि एक रिले पुरतो. नेट आणि सॉफ्टवेअर दोन्हींपासून वेगळा, थेट ट्रान्समीटरची वीज तोडणारा. तो सोल्डर करून झाला की ट्रान्समीटर चालू असताना मुद्दाम नेटची वायर उपटायची, आणि घड्याळ बघत तिथेच उभं राहायचं.