ऊर्जेचा हिशेब: विज्ञानकथेतील मुठीतले शस्त्र

हातात धरावयाच्या किरणशस्त्राचा वाङ्मयीन इतिहास १८९८ पर्यंत मागे नेता येतो. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधील उष्णताकिरण मंगळवासीयांच्या यंत्रांतून सुटत होता; त्याच वर्षी गॅरेट सर्व्हिस या अमेरिकी लेखकाने मंगळावरील प्रतिस्वारीची कथा लिहिली आणि पदार्थाचे विघटन करणारे साधन माणसाच्या हाती दिले. १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक'मधील फेझरने त्यात मारणे की केवळ बेशुद्ध करणे, अशा निवडीची सोय केली.

मराठीत या वस्तूला नाव देतानाच अडचण उभी राहते. शस्त्र हातात राहते, अस्त्र सुटते. हे साधन दोन्ही आहे. मात्र महाभारतातील अस्त्रामागे तप असते, दीक्षा असते आणि उपसंहाराची जबाबदारीही असते. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र आवरता येत नाही, हाच तेथील नैतिक पेच आहे. किरणपिस्तुलाला फक्त कळ असते.

ही कळ कोणते बळ मोकळे करते, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला आहे. खानदेशात तो सहज सुचावा. शिरपूर तालुक्यातील सातपुड्यात भिल्लाच्या धनुष्यात साठते ते त्याच्याच दंडाचे बळ. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावची आयुध निर्माणी उभी राहिली. तेथे बनणाऱ्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांसारख्या काडतुसात काही ग्रॅम दारू गोळीला सुमारे ३,३०० ज्यूल ऊर्जा देते, तीही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात. बार होताच बाहेर पडणारे पितळी कवच थोडी उष्णताही बरोबर नेते. बोटाएवढी लिथियमची बॅटरी याच्या दहापट ऊर्जा साठवू शकते; पण ती इतक्या झटपट देऊ शकत नाही. शिवाय किरणपिस्तुलातून बाहेर टाकण्याजोगे कवचच नसते. एकतृतीयांश ऊर्जा किरणात उतरते असे उदारपणे धरले, तरी ३,००० ज्यूलच्या प्रत्येक बारामागे ६,००० ज्यूल उष्णता मुठीत राहील. अर्धा किलो ॲल्युमिनिअम त्याने सुमारे तेरा अंश तापते. दहाव्या बारापर्यंत नायकाला शस्त्र टाकावेच लागेल. कथेत तो टाकत नाही, कारण ऊर्जेचा हिशेब ठेवणारे तेथे कोणी नसते.

जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' (१९७४) ही कथा कालप्रसरणाचा हिशेब चोख ठेवते आणि नाट्यही त्यातूनच उभे करते. किरणपिस्तुलाची कथा नेमके उलट करते: ऊर्जेचा उगम झाकते आणि बळीचे शरीरही नाहीसे करते. प्रेत उरत नाही, म्हणून शोकही उरत नाही. फेझरची 'बेशुद्ध करण्याची' सोय तर या लपवणुकीला सभ्यतेचा मुलामा देते.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखविला. माणसाला जाळून नाहीसे करण्यापेक्षा त्याचे डोळे निकामी करणे लेसरला कितीतरी सोपे असते. १९९५ मध्ये व्हिएन्ना येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मसुद्याने कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनविलेल्या लेसरशस्त्रांच्या वापरावर बंदी घातली. कादंबरीतला शत्रू विरून जातो. मसुद्यात मात्र ज्याची चिंता वाहिली आहे तो जिवंत असतो, आंधळा असतो आणि घरी परततो.