तीन कॉर्ड आणि एक जातं

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी गिटार विकत आणली, तेव्हा आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" त्या दोन शब्दांत माझा निवृत्तीनंतरचा समग्र इतिहास सामावलेला होता. योगासनं नऊ दिवस, जर्मन भाषा दोन आठवडे आणि गच्चीवरची मेथी पहिल्या जुडीपर्यंत. पण गाणं हा माझा जुना रोग. न्हाणीघरात मी बरा गातो, असं निदान माझं तरी मत आहे. उणीव होती ती फक्त साथीची.

गुरू घरातच मिळाला. नातू, इयत्ता नववी. त्याने पहिल्याच दिवशी गुपित फोडलं, "आजोबा, स्वतःच्या गाण्यापुरते तीन कॉर्ड बास. डी, जी आणि ए." मी ते आमच्या भाषेत उतरवून घेतलं. डीला सा मानला, तर जी म्हणजे मध्यम आणि ए म्हणजे पंचम. या तिघांवर तीन-तीन सुरांची चळत रचली, की सप्तकातले सातही शुद्ध सूर कुठे ना कुठे येऊन बसतात. म्हणजे गळ्यातून कोणताही शुद्ध सूर निघो, हाताशी त्याचा एखादा सोयरा हजर असतोच. काय ही व्यवस्था! मी भारावून गेलो आणि भारावलेल्या अवस्थेतच भैरवीतलं एक भजन काढलं. गळ्यात कोमल गंधार, गिटारीत शुद्ध. दोघांची गाठ पडली मात्र, समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी बंद झाली.

हे भांडण आजचं नाही. पेटीवरून ते आपल्याकडे शंभर वर्षं चाललंय. अलेक्झांद्र दबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे बंगालमध्ये तिचे पाय काढून तिला मांडी घालून बसायला शिकवलं, आणि मग ती आपल्या संगीत नाटकात, कीर्तनात, भजनात अशी शिरली की जणू इथलीच माहेरवाशीण. पण हिला मींड येत नाही, हिचे सूर ठोकळेबाज, म्हणून १९४० मध्ये रेडिओने तिला दारं बंद केली, ती उघडली १९७१ च्या सुमारास. दरम्यान भजनी मंडळांनी या बंदीची दखलही घेतली नाही. त्यांच्याकडे पेटी येण्याआधी एकतारी होतीच. एक तार, एक सूर, आणि त्यावर सगळा परमार्थ. मी मात्र सहा तारा घेऊन प्रपंचात अडकलो होतो.

अशातच मुळशीला जाण्याचा योग आला. तिकडच्या एका गावात माझ्या जुन्या सहकाऱ्याचं घर आहे. गिटार सोबत घेतली. ("गाडीत जागा नाही," असं हिने तीनदा सांगून पाहिलं.) रात्री जेवणं झाल्यावर मी ओसरीवर मैफल मांडली. सहकाऱ्याची आई, वय पंच्याऐंशीच्या घरात, खांबाला टेकून ऐकत होती. तिसऱ्या गाण्यानंतर म्हणाली, "दादा, गळा बरा हाय तुमचा. पर ह्ये वाजीवता कशाला मधीमधी?"

"साथ, मावशी. गाण्याला साथ नको?"

"मंग साथ करा की. तुमचं वाजीवनं निस्तं वाटंत आडवं येतंय. आमचं जातं कवा आडवं आलं न्हाई."

आणि तिने कोपऱ्यातल्या जात्याकडे बोट दाखवलं. मुलाने हौसेने मूठभर तांदळाचा घास घातला, मावशी खुंट्याला धरून बसली. पाळी फिरू लागली. एकच सलग घरघर, ना गंधाराचा हट्ट, ना मध्यमाची लुडबूड. तिच्यावर मावशीने आपल्या पट्टीत ओवी उचलली. ओळ लहान पडली तिथे "गं बाई" घालून फेरा पुरा केला. चार-पाच सुरांचा खेळ, पण प्रत्येक सूर आपल्या जागी. दाणे संपत आले की आवाज खरखरीत व्हायचा, घास पडला की पुन्हा मऊ.

बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात. राजाने लिहून ठेवलं, आणि पुढची साडेआठशे वर्षं आपण पीठ खाल्लं, ओवी ऐकायचं राहिलं. ती ऐकली हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉयटवँ यांनी. मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांपासून सुरुवात करून त्यांच्या गटाने राज्यभरातून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने १९९० नंतरच्या दशकात त्यांतल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रण केलं, नांदगाव आणि कोळवडे ही मुळशी तालुक्यातली गावं त्यात आहेत. सीतेचा वनवास, भावाची वाट, लेकीची पाठवणी, बाबासाहेब, सगळं त्या एका घरघरीवर.

ते जमवलं गेलं तेव्हा जाती मुकी व्हायला लागली होती. इंजिनाची चक्की आली, मग विजेची. पहाटेची दोन तासांची पिसाट मेहनत वाचली, आणि ती वाचली याचं वाईट वाटावं असा हक्क दळण न दळलेल्या मला नाही. पण याच मुळशीत १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या मागे शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले होते. गावं शेवटी बुडालीच. पाणी भिऱ्याला कोकणात उतरलं, १९२७ पासून वीज होऊन मुंबईला गेलं. त्या पाण्याखाली किती घरांतली जाती बसली असतील कोण जाणे.

आमचं जातं मात्र धरणाने नेलं नाही. माझी आई पहाटे दळायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. तिची एकही ओवी मला आठवत नाही, आठवते ती मांडीतून कानात येणारी घरघर. पुण्याचा वाडा पाडला तेव्हा बिल्डरच्या माणसाने विचारलं होतं, "काका, जातं न्यायचंय?" मी म्हणालो होतो, "ठेवू कुठे?"

परत आल्यावर मी गिटारीची सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवली. आता जाडीकडच्या तिन्ही तारा मोकळ्या छेडल्या, की सा, प, सा. गंधार रजेवर, म्हणून भैरवीशीही भांडण नाही. पट्टी चढवायची तर कॅपो लावायचा. ज्याला स्वतःच्या गाण्यापुरती साथ हवी, त्याने आधी एवढंच करावं आणि हात थांबू देऊ नये. तीन कॉर्ड नंतर, जिथे गाणं स्वतःहून मागेल तिथेच.

रोज संध्याकाळी मी असा तासभर बसतो. तीन महिने झाले. "किती दिवस?" हा प्रश्न आता बंद झालाय. ही स्वयंपाकघरातून फक्त एवढंच विचारते, "झालं का दळण?"