'अशोकन फेअरवेल' : लोकधून की स्वतंत्र रचना?

अमेरिकन यादवी युद्धावरील (१८६१-१८६५) केन बर्न्स यांची 'द सिव्हिल वॉर' ही दूरचित्रवाणी मालिका १९९० मध्ये प्रसारित झाली. तीतील 'अशोकन फेअरवेल' ही व्हायोलिनवरील करुण धून अनेक श्रोत्यांना युद्धकालीन वाटली. वस्तुतः जे उंगर यांनी ती १९८२ मध्ये रचली. न्यूयॉर्क राज्यातील अशोकन येथील संगीत-नृत्य शिबिर संपल्यानंतरची हुरहूर तिच्यामागे होती. घाट मात्र स्कॉटिश विलापगीताचा होता. मालिकेतील इतर संगीत बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील असल्याने गैरसमज बळावला. तात्पर्य, शैलीचे जुनेपण हा रचनेच्या जुनेपणाचा पुरावा नव्हे. धून 'पारंपरिक' ठरली की रचनाकाराचे श्रेय आणि स्वामित्वहक्क दोन्ही झाकोळतात. म्हणून कालनिश्चितीसाठी कानापेक्षा लिखित व ध्वनिमुद्रित नोंदीच प्रमाण मानणे इष्ट ठरते.