उंबरा, पायरी आणि पोथी : सातारा-सांगली प्रांतांतील संग्रहालयदर्शनाचा विचार

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारा आणि तीं वाचणारा यांच्यामध्यें एक तिसरी गोष्ट उभी असते. ती म्हणजे इमारत. संग्रह कोणीं जमविला, त्यांतील कोणतें पत्र अस्सल व कोणतें बनावट, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु तो ज्या वास्तूंत ठेविला, तिच्या दारांतून वृद्ध, पंगु, अंध किंवा चाकांच्या खुर्चीवर बसलेला अभ्यासक आंत कसा जाणार, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील उदाहरणें घेऊन तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संग्रहाच्या प्रवासाकडे पाहूं. नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं मिळविलें व तें साताऱ्यास आणिलें. पारसनीस १९२६ सालीं निवर्तले. पुढें १९३९ सालीं त्यांचा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. म्हणजे कृष्णाकांठच्या वाड्यांतील रुमाल दोन वेळां गांव बदलून नव्या घरीं सुखरूप पोंचले. कागदाला प्रवास घडविणारे हात नेहमीं मिळाले. वाचकाच्या प्रवासाची मात्र तजवीज कोणी लावून ठेविली नाहीं. तो ज्याचा त्यानें करावा, असाच समज राहिला.

आतां वास्तूकडे वळूं. आपल्याकडील वाडा हा मुळीं येणाऱ्यास अडविण्यासाठींच बांधीत. उंच जोतें, मोठ्या दरवाज्यांतील वांकून शिरावयाची दिंडी, ठेंच लागेल असा उंबरा, आणि भिंतीच्या पोटांतून चढणारा एकेरी जिना, ही सर्व रचना बंदोबस्ताची होय. तरीहि ज्याचा मान राखावयाचा, त्याला ही अडचण होत नसे. तो पालखींतून येई आणि चढण भोयांचे पाय चढत. तेव्हां स्वतःच्या पायांनीं चढून येणें ही पूर्वीं प्रवेशाची अट नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पालख्या गेल्या, उंबरे राहिले.

सांगलीस याला दुसरें एक कारण जोडावें लागतें. कृष्णेच्या महापुरानें २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं त्या शहराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. अशा गांवीं पोथी माडीवर ठेवणें हेंच शहाणपण. परंतु पोथीला जी माडी तारते, तीच वाचकाला अडविते. पोथी खालीं आणावी तर पुराचें भय, वर ठेवावी तर वृद्ध वाचक अंतरतो. यांत कोणा एकाचा दोष नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न नुसत्या सदिच्छेनें सुटत नाहीं.

औंधचें श्रीभवानी संग्रहालय हें या विषयांतील उत्तम उदाहरण होय. औंधाधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार. त्यांनीं हें संग्रहालय १९३८ सालीं यमाईच्या टेकडीच्या मध्यावर उभारिलें. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता-बालकाच्या मूर्तीपर्यंत नाना प्रकारच्या वस्तु तेथें एका छपराखालीं आहेत. जोडीस ग्रंथालय आहे. औंध आज सातारा जिल्ह्यांत आणि त्याच संस्थानांतील आटपाडी सांगली जिल्ह्यांत, म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा या ठेव्याशीं संबंध आहे. ज्या राजानें १९३९ सालीं प्रजेच्या हातीं स्वराज्याची घटना दिली, त्याचा संग्रह कोणा एका वर्गाच्या शोभेसाठीं खास नव्हता. मात्र स्थान टेकडीवरचें. येथें गाडीरस्ता हीच आजची पालखी. तो टेकडीवर गेलेला असल्यामुळें पायऱ्यांची मुख्य चढण टळते. राहतें तें गाडीपासून दारापर्यंतचें आणि दारापासून दालनापर्यंतचें अंतर. आमच्या मतें जाणाऱ्यानें सर्वांत अधिक चौकशी याच शेवटच्या अंतराची करावी.

ही चौकशी संख्येंत करावी. एका ठिकाणीं (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) आम्हीं आधीं विचारलें असतां "चारच पायऱ्या आहेत" असें उत्तर मिळालें. समवेत काठीच्या आधारानें चालणारे एक वृद्ध संग्राहक होते. प्रत्यक्षांत पायऱ्या अकरा निघाल्या आणि कठडा नव्हता. सांगणारा खोटें बोलला नव्हता. त्यानें आंतल्या दारापासून मोजल्या होत्या. म्हणून गाडीपासून दालनापर्यंत पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, कठडा कोणत्या बाजूस, दाराची मोकळी रुंदी किती, बसण्यास बांक व जवळ शौचकूप आहे कीं नाहीं, पहावयाची वस्तु कोणत्या मजल्यावर, आणि साप्ताहिक सुटी कोणत्या वारीं, इतकें निघण्यापूर्वीं लिहून घ्यावें. चाकांच्या खुर्चीस सुमारें ९० सेंटिमीटर मोकळें दार लागतें. दिंडींतून ती जात नाहीं, मोठा दरवाजा उघडवावा लागतो. पावसाळ्यांत फरशी निसरडी होते, यास्तव हिवाळ्याचे दिवस बरे.

अमरसिंहानें आपल्या कोशांत आरोहण व सोपान हे शब्द एकीकडे आणि निश्रेणि व अधिरोहिणी हे दुसरीकडे ठेविले आहेत. पहिले बांधलेल्या जिन्याचे, दुसरे शिडीचे. शिडी लावावी आणि काम होतांच काढून घ्यावी. हाच भेद आपल्या उपयोगाचा आहे. जुन्या दगडी कामास धक्का न लावतां लांकडी उतरण ठेवितां येते. उतरणीचें मान एकास बारा असें धरतात. तीन इंचांच्या उंबऱ्यास तीन फूट लांबीची फळी पुरते. पण अर्ध्या अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर १८ फूट उतरण हवी. यावरून उंबऱ्याचा प्रश्न फळीनें सुटेल, माडीचा सुटणार नाहीं, हें उघड आहे. माडीसाठीं मार्ग निराळा : पोथी कायमची वरच ठेवावी, मात्र पूर्वसूचना आल्यास ती त्या दिवसापुरती खालीं आणावी, आणि जीर्ण प्रत हलविण्यासारखी नसेल तर तिचीं छायाचित्रें तळमजल्यावर ठेवावीं. पुराचें भय व वाचकाची सोय यांचा मेळ येथें बसतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्याच्या २९ व्या कलमांत सांस्कृतिक जीवनाचा समावेश आहे, आणि दिव्यांगांच्या इतिहासाचें संग्रहालय स्थापण्याचीहि तरतूद आहे. जुनी वास्तु बदलत नसते असें म्हणणाऱ्यांनीं साताऱ्याकडे पहावें. तेथें राजवाड्याची शाळा झाली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्या शाळेच्या पटावर डॉ. भीमराव आंबेडकरांचें नांव चढलें. भिंती त्याच राहून दार कोणासाठीं उघडावें हें बदलूं शकतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं पोथ्या व दप्तरें आहेत, आणि आज ना उद्यां तीं एखाद्या संस्थेस दिलीं जातील. देतांना दानपत्रांत एक ओळ अधिक घालावी : जो वाचक जिना चढूं शकत नाहीं, त्यास हा संग्रह तळमजल्यावर वाचावयास मिळावा. साठीच्या पुढें गेलेल्या देणाऱ्यास स्वतःचीच पोथी पुन्हां पहावीशी वाटली, तर त्याच ओळीचा त्याला उपयोग होईल.